प्लॅस्टरच्या आधी बोलवा, नाहीतर बोलवू नका: वीटकाम तपासणी सेवेचं परीक्षण

घर बांधणाऱ्यांसाठी 'थर्ड पार्टी इन्स्पेक्शन' नावाची सेवा आता पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत सहज मिळते. एक इंजिनियर येतो, पिशवीतून लेझर काढतो, दोन-तीन तास साइटवर फिरतो आणि काही दिवसांनी फोटो लावलेला पीडीएफ अहवाल पाठवतो. या सेवेतला वीटकामाचा भाग पैसे मोजण्याइतका आहे का, एवढंच इथे पाहिलं आहे. आरसीसी, वॉटरप्रूफिंग, वायरिंग यांच्या तपासणीबद्दल इथे काही नाही.

ही सेवा दोन रूपांत विकली जाते. एक, फ्लॅटचा ताबा घेण्याआधीची एकरकमी भेट. दुसरी, बांधकाम चालू असताना ठरावीक टप्प्यांवर येण्याचं पॅकेज. वीटकामापुरतं बोलायचं तर पहिल्या प्रकाराला पाचपैकी दीड गुण. प्लॅस्टर, पुट्टी आणि रंग झाल्यावर भिंतीत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. ठोकून पोकळ आवाज येतो तो बहुतेक वेळा सुटलेल्या प्लॅस्टरचा असतो, आणि लेझर लावून मोजलेला ओळंबाही प्लॅस्टरचाच. गवंड्याने २० मिमी तिरकी बांधलेली भिंत प्लॅस्टरवाला जाड थर देऊन सरळ करून ठेवतो, मग अहवालात 'भिंत ओळंब्यात' असं येतं. तो थर पुढे फुगून सुटला की दोष पावसाच्या माथी जातो.

टप्प्याटप्प्याच्या पॅकेजला पाचपैकी चार, पण अट अशी की वीटकामाच्या किमान तीन भेटी त्यात हव्यात: माल साइटवर आल्यावर आणि पहिले दोन-तीन थर लागताना एक, लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीला एक, आणि वायरिंगच्या खाचा पाडून झाल्यावर प्लॅस्टरच्या आदल्या दिवशी एक. तिसरी भेट बहुतेक पॅकेजमध्ये नसते. ती मागून घ्या. सगळ्यात जास्त नुकसान भिंत बांधताना होत नाही, बांधून झाल्यावर इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर छिन्नी घेऊन आल्यावर होतं.

आता एकेका भेटीत काय अपेक्षित आहे ते.

पहिली भेट: माल

चांगला तपासनीस विटांच्या थप्पीपाशी किमान अर्धा तास घालवतो. थप्पीच्या वरच्या विटा नेहमीच बऱ्या असतात. मधल्या आणि खालच्या काढून पाहायच्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज हवा. नखाने ओरखडा उठला तर वीट कच्ची. साधारण मीटरभर उंचीवरून टाकली तर तिचे तुकडे होता कामा नयेत. ही झाली हाताची परीक्षा, आणि ती प्रयोगशाळेची जागा घेत नाही.

मापासाठी एकेक वीट मोजण्यात अर्थ नाही. आयएस १०७७ (आयएस म्हणजे भारतीय मानक) ची पद्धत अशी की २० विटा ओळीने चिकटवून ठेवायच्या आणि एकूण लांबी, रुंदी, उंची मोजायची. १९० × ९० × ९० मिमीच्या मॉड्युलर विटेला लांबी ३८०० मिमी, त्यात ८० मिमीची कमी-जास्त सूट. रुंदी आणि उंची प्रत्येकी १८०० मिमी, सूट ४० मिमी. महाराष्ट्रात भट्टीची वीट बहुधा २३० × ११० × ७० च्या आसपासची, आणि दर भट्टीगणिक थोडी वेगळी. म्हणून दोन भट्ट्यांचा माल एका भिंतीत मिसळू देऊ नये. मिसळला की सांधे कुठे ८ मिमी, कुठे १८ मिमी होतात आणि गवंड्याला बोलून उपयोग नसतो.

प्रयोगशाळेत तीन चाचण्या पुरतात, तिन्ही आयएस ३४९५ प्रमाणे. दाबशक्तीसाठी पाच विटा; सर्वात खालचा वर्ग ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमीचा. पाणी शोषण: वीट ओव्हनमध्ये वाळवून वजन, मग २४ तास थंड पाण्यात बुडवून पुन्हा वजन, १२.५ वर्गापर्यंत वाढ २० टक्क्यांच्या आत, त्यावरच्या वर्गांना १५. तिसरी चाचणी लोण्याची, म्हणजे विटेवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षारांची, आणि ती घरीही करता येते. पसरट भांड्यात २५ मिमी पाणी घेऊन वीट उभी ठेवायची, पाणी आटू द्यायचं, पुन्हा तेवढंच पाणी घालून पुन्हा आटू द्यायचं. विटेच्या दहाव्या भागापर्यंत पांढरा थर आला तर 'किंचित', निम्म्यापर्यंत आला तर 'मध्यम', त्याहून जास्त असेल तर 'भारी'. भारी लोणा येणारी वीट प्लिंथजवळ लावली की रंग दोन पावसाळेही टिकत नाही. अहवालात ही चाचणी असेल तर तपासनीस कामाचा समजा, कारण बहुतेक जण दाबशक्तीवरच थांबतात.

एएसी ब्लॉकचं, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेवर पिकवलेल्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचं गणित वेगळं. आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात घनतेनुसार ताकद ठरवलेली आहे: ५५१ ते ६५० किलो प्रति घनमीटरच्या ब्लॉकला पहिल्या श्रेणीत ४, दुसऱ्या श्रेणीत ३ न्यूटन प्रति चौरस मिमी. साइटवर तपासनीस ब्लॉक वजनकाट्यावर ठेवून 'घनता बरोबर' म्हणत असेल तर त्याला थांबवा. ६०० × २०० × १५० चा ब्लॉक म्हणजे ०.०१८ घनमीटर; ६०० घनतेने कोरडं वजन १०.८ किलो. पण कारखान्यातून ताजा आलेला किंवा पावसात भिजलेला ब्लॉक त्याहून किती तरी जड भरतो. वाळवल्याशिवाय केलेल्या वजनाचा आकडा काहीच सांगत नाही. याउलट मापाची तपासणी साइटवर चोख होते: लांबीला ५ मिमी, उंची-रुंदीला ३ मिमी सूट. उंची नेमकी नसेल तर ३ मिमीच्या सांध्याचं ब्लॉक जॉइंटिंग मॉर्टर तो फरक झाकू शकत नाही, थर डोलायला लागतात.

एक सावधगिरी छोट्या गावांत हवी. फेसाळ काँक्रीटचे सीएलसी ब्लॉक 'एएसीच आहे' म्हणून विकले जातात. त्यांचं मानक वेगळं, त्याच संहितेचा चौथा भाग. त्यांना ऑटोक्लेव्हची वाफ दिलेली नसते, त्यामुळे आकसणं जास्त आणि भेगाही जास्त. चलनावर काय लिहिलंय ते वाचायचं आणि कारखान्याचं चाचणीपत्र तारखेसकट मागायचं.

वाळूसाठी २०० मिलीचं मोजपात्र पुरतं. १०० मिलीपर्यंत वाळू, १५० पर्यंत पाणी, जोरात हलवून तीन तास स्थिर. वर बसलेल्या गाळाचा थर वाळूच्या ८ टक्क्यांवर गेला तर वाळू धुवा किंवा परत पाठवा. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आली तेव्हापासून मातीचा त्रास कमी झाला आणि दगडाच्या भुकटीचा वाढला. भुकटी जास्त असली की माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण, मऊ, लोण्यासारखा लागतो, गवंडी खूश होतो, आणि वाळल्यावर त्याच सांध्याला केसासारख्या भेगा पडतात.

घमेल्याचा प्रश्न

कागदावर मालाचं प्रमाण १:६, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. साइटवर काय? इथे तपासणी सेवा सर्वात जास्त कमी पडते, कारण तपासनीस आला की माल नीट कालवला जातो आणि गेला की पुन्हा अंदाजपंचे. उपाय एकच, माप पेटी. ५० किलोची सिमेंटची गोणी म्हणजे ३५ लिटर, आणि ३५ × २५ × ४० सेंमीची लाकडी पेटी बरोबर तेवढीच भरते. एका गोणीला सहा पेट्या वाळू. घमेलं कधी सपाट, कधी शिगोशीग, त्यामुळे त्याच्या मोजणीला अर्थ उरत नाही. शिवाय ओली वाळू फुगते. वीस-पंचवीस टक्के फुगलेली असली तर पेटी भरूनही माल ठरल्यापेक्षा जास्त सिमेंटचा होतो. हे कोणाला वाईट वाटत नाही, पण वाटायला हवं. विटेपेक्षा कडक माल असला की भिंत हलल्यावर तडा सांध्यातून जात नाही, वीट फोडून जातो, आणि ती दुरुस्ती महागडी. २३० मिमीच्या भिंतीला १:६ आणि ११५ मिमीच्या भिंतीला १:४ यापेक्षा घट्ट माल मागणाऱ्या मालकाला तपासनीसाने समजवावं.

आयएस १९०५ च्या तक्त्यात १:६ सिमेंट मालाची २८ दिवसांची ताकद किमान ३ न्यूटन प्रति चौरस मिमी, १:५ ची ५ धरली आहे. तपासायचं तर आयएस २२५० प्रमाणे ५० मिमी बाजूचे ठोकळे भरावे लागतात. हे करणारी सेवा क्वचित दिसते. घेत असाल तर करारात लिहून घ्या: दर मजल्याला ठोकळ्यांचा एक संच, कालवलेल्या ढिगातून, तपासनीसाच्या समोर भरलेला.

कालवलेला माल तासाभरात संपला पाहिजे. दुपारी जेवणाआधी कालवून ठेवलेल्या मालात जेवणानंतर पाणी मारून पुन्हा फिरवणं प्रत्येक साइटवर चालतं, आणि तपासनीसाची भेट नेमकी सकाळी दहाची असते. भेट दुपारी अडीचची मागा.

दुसरी भेट: भिंत उभी राहताना

इथे आयएस २२१२ चे आकडे हातात लागतात, आणि अहवालात ते दिसलेच पाहिजेत:

- एका मजल्यात ओळंब्याचा फरक ३ मीटर उंचीला ६ मिमीपर्यंत; सगळ्या मजल्यांचा मिळून १२.५ मिमी.
- वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या एकाच रेषेतल्या भारवाही भिंती एकमेकींपासून ६ मिमीपेक्षा सरकलेल्या नसाव्यात.
- आडवा सांधा १२ मीटर लांबीपर्यंत ६ मिमीच्या आत पातळीत. लांबी त्याहून जास्त असेल तर एकूण १२.५ मिमी.
- सांध्याची जाडी ठरलेल्याच्या पाचव्या हिश्श्याने कमी-जास्त. १० मिमी ठरली असेल तर ८ ते १२.

एकेक सांधा मोजणं वेळखाऊ. अनुभवी माणूस चार थर आणि तीन सांधे एकदम मोजतो. ७० मिमीच्या विटेला ते ३१ सेंमी, मॉड्युलर विटेला ३९ सेंमी भरायला हवेत. ३३-३४ सेंमी आले तर माल जाड आहे, आणि जाड माल म्हणजे जास्त आकसणं आणि भिंत बसणं.

ओळंबा की लेझर, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. स्वस्त लाइन लेझरमध्येही फरक १० मीटरला साधारण ३ मिमीचा असतो, म्हणजे एका मजल्याला पुरेसा अचूक. पण तो त्या दिवशी बरोबर दाखवतोय का, हे पाहणारे कमी. चारी बाजूंना रेषा पाडणारा लेझर असेल तर तपासणी सोपी: भिंतीवर रेषेची खूण करायची, लेझर १८० अंशांत फिरवून पुन्हा तीच रेषा त्याच अंतरावर पाडायची, दोन खुणांत जेवढं अंतर येईल त्याच्या निम्मी चूक. लेव्हल पट्टीचंही तसंच, टोकांची अदलाबदल करून पाहायची. ओळंबा वापरणाऱ्याने वरची लाकडी चकती आणि खालचा गोळा यांचा व्यास सारखा आहे ना ते पाहावं. गोळा झिजलेला असेल तर प्रत्येक भिंत त्याच बाजूला तिरकी निघते. वरच्या मजल्यावर वाऱ्यात ओळंबा हलत राहतो, तिथे गोळा पाण्याच्या बादलीत सोडायचा. लेव्हल ट्यूबमध्ये (पातळी पाहायच्या पाण्याच्या पारदर्शक नळीत) हवेचा बुडबुडा अडकला की ६ मिमीचा घोळ सहज होतो, आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत असली तरी पाण्याची पातळी थोडी फसवते.

कुठे मोजलं हे महत्त्वाचं. गवंडी कोपऱ्यात स्वतःच ओळंबा धरतो, त्यामुळे कोपरे चांगले येतात. फुगतो तो मधला भाग. अहवालात प्रत्येक भिंतीचे दोन टोकांचे आणि मधला असे तीन आकडे असतील तर काम झालंय. 'भिंती सरळ आहेत' एवढंच लिहिलं असेल तर फी परत मागावी.

उभे सांधे भरलेले आहेत का, ही सर्वात दुर्लक्षित गोष्ट. आडव्या सांध्यात माल पडतोच, कारण त्याशिवाय वीट बसत नाही. उभ्या सांध्यात थापीने बाहेरून जरासा माल पुसला की भरल्यासारखा दिसतो. संध्याकाळी भिंतीमागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाच्या जेवढ्या उभ्या फटी दिसतील तेवढ्या पाण्याच्या वाटा. कोकणात, मुंबईत, घाटाच्या कडेला जिथे पाऊस आडवा मारतो, तिथे बाहेरची भिंत गळते ती बहुधा याच फटींतून. ११५ च्या भिंतीला तर हा टॉर्च घेऊन न फिरलेला तपासनीस म्हणजे फुकटचा पाहुणा.

विटेचा खड्डा वर हवा, म्हणजे त्यात माल भरतो. सगळ्यात वरच्या थराला अपवाद. रोडे, म्हणजे अर्धवट तुकडे, कोपऱ्याला आणि बाँड जुळवायला लागतील तेवढेच. इंग्लिश बाँडमध्ये (एक थर लांब बाजू दिसणाऱ्या विटांचा, पुढचा तोड्यांचा म्हणजे टोक दिसणाऱ्या विटांचा) कोपऱ्याच्या तोड्यानंतर क्वीन क्लोजर, म्हणजे लांबीत उभी अर्धी केलेली वीट, नसेल तर वरच्या-खालच्या थरांचे उभे सांधे एका रेषेत येतात. ती रेषा पुढे तडा होते.

आधी कोपऱ्याची भिंत आणि मग आडवी भिंत बांधायची असेल तर जोड पायऱ्यांनी सोडायचा. भूकंपाच्या आयएस ४३२६ मध्ये साधारण ४५० मिमीच्या टप्प्यांनी आलटून-पालटून दाते सोडायलाही मुभा आहे. पण गवंडी दर थराआड एक दाता सोडतो आणि नंतर त्या खोबणीत वीट कोंबतो, माल आत जातच नाही. हा जोड अहवालात फोटोसकट हवा. दिवसाला दीड मीटरच्या वर भिंत चढवायची नाही, हा नियम शनिवारी पगाराच्या दिवशी सर्रास मोडतो.

विटा भिजवण्याबद्दल एक वाक्य पुरतं: थप्पीवर पाइप मारणं म्हणजे भिजवणं नाही. हौदात किती वेळ ठेवायची हे ठरवायला एक वीट फोडून आत पाणी कुठवर गेलंय ते बघायचं. एएसीला हा नियम उलटा. ब्लॉक हौदात टाकायचा नाही, पृष्ठभाग फक्त ओलसर करायचा. गवंडी सवयीने दोन्हीला सारखंच वागवतो.

११५ च्या भिंतीला पाटली, म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा, दर मीटरभर उंचीला हवी. पाटलीत सळया दोन्ही टोकांना कॉलममध्ये अडकवलेल्या आहेत का, हा खरा प्रश्न आहे. कॉलमला टेकवून ठेवलेली पाटली भिंतीला आडवा सांधा देते, आधार देत नाही. कॉलममध्ये भोकं मारून सळई केमिकलने बसवली असेल तर तिची हाताने ओढून चाचणी तपासनीसाने करावी. दहापैकी एखादी हातात येते.

तिसरी भेट: खाचा, वरची फट, जाळी

आयएस १९०५ प्रमाणे उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नको. हा नियम भारवाही भिंतींचा असला तरी पार्टिशनलाही तोच लावावा. आता गणित करा. ११५ मिमीच्या भिंतीत आडवी खाच १९ मिमीच. २५ मिमीचा पाइप त्यात मावतच नाही. म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीत आडवी वायरिंग नेणं हेच नियमाबाहेर. पाइप वरून उभा खाली आणायचा, ३८ मिमीपर्यंत चालतं. हे प्लॅन करताना सांगायचं असतं, खाच पाडून झाल्यावर नव्हे. म्हणून दुसऱ्या भेटीतच इलेक्ट्रिशियनला बोलावून घेणारा तपासनीस अव्वल. एएसीत खाच कटरनेच मारायची, छिन्नी-हातोडीने नाही. हातोडीने सांधे सुटतात आणि ते आवाजावरूनही लगेच कळत नाही.

बीमखालची फट. आरसीसी फ्रेममधली भिंत बीमला घट्ट भिडवून बांधली तर बीम वाकताना भार भिंतीवर येतो आणि मधोमध तिरका तडा जातो. म्हणून शेवटचा थर थोडे दिवस थांबून, आणि शक्यतो वरचे मजले चढल्यावर लावायचा, मग फट भरायची. पुण्यातल्या बहुतेक साइट्सवर हा शेवटचा थर त्याच दिवशी भरून टाकतात. तपासनीसाने फटीत पट्टी घालून खोली मोजलेली हवी. बाहेरून तोंड भरलेलं आणि आत पोकळ असलेली फट सगळ्यात वाईट.

वीटकाम आणि काँक्रीट यांच्या जोडावर जाळी दोन्हीकडे साधारण १५० मिमी यायला हवी, आणि ताणून ठोकलेली हवी. ढिली जाळी प्लॅस्टरच्या मध्यात लोंबकळते, काहीच धरत नाही. सांधे १० ते १५ मिमी खरवडलेले हवेत, तेही माल ओला असतानाच. लिंटेलचा टेकू दोन्हीकडे किमान १५० मिमी, मोठ्या खिडकीला नकाशात दिला असेल तेवढा. भिंतीला पाणी मारणं किमान सात दिवस. तपासनीस सात दिवस येऊ शकत नाही, पण तो पहाटेच्या वेळी न सांगता एकदा येऊ शकतो.

फ्रेम नसलेली घरं

गावाकडे भारवाही भिंतींची घरं अजून बांधली जातात, आणि शहरातल्या कंपन्यांचे तपासनीस तिथे बरेचदा गोंधळतात, कारण त्यांची चेकलिस्ट फ्लॅटची असते. अशा घराला प्लिंथ (जोतं), लिंटेल आणि छताच्या पातळीला सलग आरसीसी पट्टे आहेत का, दारं-खिडक्या कोपऱ्याच्या फार जवळ नाहीत ना, आणि कोपऱ्यांत उभ्या सळया आहेत का, हे आयएस ४३२६ चे पहिले तीन प्रश्न. लिंटेलचा पट्टा दारावर तुटला की तो पट्टा राहत नाही.

दगडी भिंतीला आयएस १३८२८ लागू. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात मातीच्या मालातल्या जाड दगडी भिंतींचे आतले-बाहेरचे दोन पदर वेगळे होऊन कोसळले. दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नव्हते. संहितेत भिंत ४५० मिमीपेक्षा जाड नको, आणि आरपार दगड उंचीत दर ६०० मिमीला, आडवे दर १.२ मीटरच्या आत असावेत, असं आहे. एवढा लांब दगड मिळत नसेल तर काँक्रीटचे ठोकळे किंवा वाकवलेली सळई चालते. तपासायला सोपी गोष्ट: आरपार दगड भिंतीच्या दोन्ही तोंडांवर दिसतो, त्यावर चुन्याने खूण करायला सांगा आणि मोजा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याला आयएस ३६२० आहे. तिथे खाणीतून काढल्यावर चिरा उघड्यावर वाळू देणं हाच मोठा मुद्दा, ओला चिरा लावून लगेच गिलावा केला की गिलावा धरत नाही.

ज्यावर पैसे घालू नयेत

थर्मल कॅमेरा उघड्या विटांवर शोभेचा. प्लॅस्टरनंतर ओल शोधायला तो उपयोगी, आणि तीही भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक असेल तेव्हाच. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर लाकडासाठी बनवलेला. विटेवर त्याचा टक्का खरा नसतो, कोरड्या भागाशी तुलना करायला तेवढा चालतो. रिबाउंड हॅमर काँक्रीटसाठी आहे. विटेवर हॅमर मारून ताकदीचा आकडा दिलेला अहवाल दिसला तर तिथेच समजून जा.

अहवाल कसा असावा

एक ओळ पुरेशी बोलते. 'पहिला मजला, बेडरूम २, उत्तरेची भिंत, मध्य: ओळंब्यात फरक ११ मिमी, ३ मी उंचीला, मर्यादा ६, वरचे सहा थर काढून पुन्हा लावावेत, फोटो १४, पट्टीसह.' याउलट 'वीटकामाचा दर्जा समाधानकारक, किरकोळ दुरुस्ती सुचवली आहे' हे वाक्य कोणत्याही घराला चालेल, म्हणून कोणत्याच घराला चालत नाही. दुरुस्तीनंतरची फेरतपासणी मूळ फीमध्ये असावी; वेगळी घेतात तिथे ठेकेदाराला माहीत असतं की तो माणूस परत येणार नाही.

फी कोण देतो हेही पाहा. बिल्डरने नेमलेली, बिल्डरने पैसे दिलेली 'थर्ड पार्टी' तिसरी राहत नाही. रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला तर प्रवर्तकाने (बिल्डरने) तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फ्लॅटवाल्यांना एवढा तरी आधार आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेणाऱ्याला हे कलम लागत नाही, त्यामुळे टप्प्याटप्प्याच्या सेवेचा खरा ग्राहक तोच. पुनर्विकासातल्या सोसायट्यांनीही सल्लागाराच्या कामाच्या यादीत प्लॅस्टरपूर्व वीटकाम तपासणी वेगळी ओळ म्हणून लिहून घ्यावी.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. तपासणी कोणत्या आयएस क्रमांकांनुसार होणार, ते करारात आकड्यांसह लिहिणार का? येणारा माणूस सिव्हिल इंजिनियर आहे की प्रशिक्षण घेतलेला फोटोग्राफर? आणि भिंत पाडायला सांगायची वेळ आली तर ते ठेकेदाराला तोंडावर कोण सांगणार? तिसऱ्या प्रश्नावर 'आम्ही फक्त अहवाल देतो' असं उत्तर आलं, तर दर कमी करून मागा, कारण निम्मं काम तुम्हालाच करायचं आहे.